खिदमत कोण करतं?

दादी विसरते, याचा आमच्या घरात कुणाला फारसा त्रास नाही. ती मला अब्बांच्या नावाने हाक मारते, मी 'जी' म्हणतो. त्रास सुरू होतो तो सकाळी न्हाणीत.

डिमेन्शियात रोजची कामं हळूहळू सुटत जातात. बहुधा आधी पैशांचा हिशेब, फोन लावणं, वेळेवर गोळ्या घेणं सुटतं. तेव्हा घरच्यांनी अधूनमधून लक्ष दिलं तरी भागतं. पुढे अंघोळ, कपडे, संडासला जाणं, स्वतःच्या हाताने जेवणंही सुटतं आणि घरातलं एक माणूस दिवसभर बांधलं जातं. त्यात रुग्ण रात्री उठू लागला, संशय घेऊ लागला, की सांभाळणाऱ्याची झोप गेलीच.

आमच्याकडे ते माणूस म्हणजे अम्मी. दादी असर पढते आणि पाच मिनिटांनी पुन्हा वुजूला पाणी मागते. (अशा अवस्थेत नमाज फर्ज राहत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. पण सत्तर वर्षांची सवय मसला विचारत नाही.) दर वेळी ओली फरशी पुसायची, भिजलेले कपडे बदलायचे. रात्री दोन वाजता 'मला घरी जायचंय' म्हणत दादी कडी काढते. उठते अम्मीच.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज आहे की भारतात साठीपुढच्या ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे. त्यांना सांभाळणाऱ्यांची मोजदाद त्या आकड्यात नाही.

म्हाताऱ्या आईबापांपुढे 'उफ'सुद्धा करू नये, ही सूरह बनी इस्राईलची शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. ती औलादीला उद्देशून आहे, सुनेला नाही. तरी चाचा जुम्म्याला येतात, दादीचा हात चुंबतात, 'भाभी, तुम्हाला मोठा सवाब आहे' म्हणतात आणि चहा पिऊन निघतात. मला याचा राग येतो. आईला अंघोळ मुलाने कशी घालायची, हा त्यांचा प्रश्न मला मान्य आहे. त्यासाठी फुफी आहे, पैसे काढून बाई ठेवता येते. पण रात्र जागायला, चादरी धुवायला, घास भरवायला कुठला पर्दा आड येतो?

म्हणून आम्ही नातवंडांनी कामं कागदावर लिहून वाटून घेतली. तीन रात्री मी आणि चुलतभाऊ दादीच्या खोलीत झोपतो. त्या रात्री अम्मी सलग सहा तास झोपते. मोठ्या चाचांना मंगळवारची रात्र सुचवली आहे. अजून उत्तर आलेलं नाही.