जीन्स, कोट आणि गळ्यातील टाय

सावंतवाडीत वैशाखातील लग्नाचा मुहूर्त म्हणजे अंगातील घामाची परीक्षाच. कार्यालयातील पंखे गरम हवाच फिरवीत असतात आणि भटजींचे उपरणे दर दोन मंत्रांनंतर कपाळाकडे वळते. अशा वेळी नवरदेवाचा मित्रपरिवार हल्ली ज्या वेषात दिसतो तो असा : खाली निळी जीन्स, वर सुटा कोट (दुकानदार त्याला ब्लेझर म्हणतो) आणि गळ्यात आवळून बांधलेला टाय. ज्येष्ठ मंडळी ‘हे काय सोंग’ म्हणून नाक मुरडतात, तरुण त्यांना हसतात. वस्तुतः दोघांचेही थोडे चुकते.

सरमिसळीला हसण्याचा अधिकार ज्येष्ठांना फारसा नाही. एकेकाळी वकील, मास्तर आणि कारकून यांनी धोतरावर इंग्रजी धाटणीचा कोट चढवून कित्येक वर्षे कचेऱ्या व शाळा गाजवल्या. जुन्या छायाचित्रांतील तो वेष आज अस्सल मराठी वाटतो. पोशाख काळाबरोबर बदलतोच. २०१६ मध्ये संघाच्या गणवेशातील खाकी अर्धी विजार जाऊन तपकिरी पूर्ण पँट आली, तेव्हाही कोणाचे स्वत्व हरवले नाही.

सूट-टायला सरसकट गुलामीचे चिन्ह ठरवणाऱ्यांनी तर अधिकच सावध असावे. ज्या समाजाला अंगभर व नीटनेटके वस्त्र नेसण्याचीही मुभा नव्हती, त्या समाजातून आलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सूट परिधान केला, तो स्वाभिमानाचा उच्चार होता. त्यांचे मूळ गाव आंबडवे याच कोकणातले. त्या कोटाकडे बोट दाखवून अंधानुकरणाचा आरोप करणे हे इतिहासाचे अज्ञान होय.

जीन्सही वाटते तितकी परकी नाही. मुंबईच्या डोंगरी भागात विकल्या जाणाऱ्या जाड्याभरड्या सुती कापडावरून ‘डंगरी’ हा शब्द सतराव्या शतकात इंग्रजीत गेला. निळीचे इंग्रजी नावही भारताच्याच नावावरून पडले. अमेरिकेत जेकब डेव्हिस नावाच्या शिंप्याने कष्टकऱ्यांच्या विजारीचे खिसे तांब्याच्या रिव्हेटने पक्के केले आणि २० मे १८७३ रोजी लेव्ही स्ट्रॉस यांच्या पेढीसह त्याचे पेटंट मिळवले. थोडक्यात, जीन्स हे श्रमाचे वस्त्र. सुट्या कोटाचे कूळ इंग्लंडमधील जमीनदारांच्या शिकारीचे. तो मुळात थंडीसाठी जाड लोकरीचा. दोन्ही घराबाहेरचे, मोकळे कपडे असल्याने त्यांचे जमते. टायचे तसे नाही. क्रोएशियन सैनिकांच्या गळ्यातील रुमालापासून निघालेला टाय पुढे कचेरी, न्यायालय आणि औपचारिक सभेचा झाला. जीन्स सांगते, ‘सैल बसा’. टाय सांगतो, ‘सावरून बसा’. एकाच माणसाने दोन्ही एकदम सांगितले की ऐकणारा गोंधळतो.

हा प्रश्न केवळ आवडीनिवडीचा असता तर त्यावर शाई खर्च करण्याचे कारण नव्हते. पण सावंतवाडीपासून गोव्याची सीमा हाकेच्या अंतरावर. मोपा येथील विमानतळाचे उद्घाटन डिसेंबर २०२२ मध्ये झाले. तेथील व हॉटेलांतील नोकऱ्यांसाठी इथली मुले मुलाखतींना जातात. ‘कोट-टायशिवाय कोण विचारतो?’ या धास्तीने एखादी आई भिशीचे पैसे मोडते. कोट आणि टाय येतो, पँटपुरते मात्र पैसे उरत नाहीत. मग घरची जीन्सच चढते. समोरच्या साहेबाला त्यात फॅशन दिसत नाही, अपुरेपण तेवढे दिसते. त्याच पैशांत एक बेताची सुती पँट, इस्त्रीचा पांढरा सदरा आणि पॉलिश केलेले बूट सहज येतात, आणि मूल कोंडल्यासारखे न होता बोलू शकते.

कार्यालयांनाही याबाबत एकमत साधलेले नाही. राज्य शासनाने डिसेंबर २०२० मध्ये कर्मचाऱ्यांना जीन्स व टी-शर्ट वापरू नये असे बजावले आणि शुक्रवारी खादीचा आग्रह धरला. पुढे मार्च २०२१ मध्ये जीन्सवरील बंदी मागे घेतली, टी-शर्टवरील तशीच ठेवली. यातील तारतम्य नाकारता येत नाही.

तेव्हा लग्नातल्या त्या तरुणांनी जीन्स घालावी, हवा तर पातळ सुती कोटही घालावा, फक्त गळा मोकळा सोडावा. तसेही वैशाखात पंगत बसेपर्यंत टाय खिशात गेलेलाच असतो.