फाटकाची किल्ली कोणाकडे?

आमच्या घरामागे एका शाळेचं मैदान आहे. भूकंप झालाच तर तिकडे धावायचं, असं गल्लीतल्या सगळ्यांनी मनाशी ठरवून टाकलंय. परवा रात्री साडेदहाला मुद्दाम जाऊन पाहिलं. फाटकाला साखळी, साखळीला कुलूप, वर टोकदार सळ्या. रखवालदार म्हणाले, ‘किल्ली शिपायाकडे.’ शिपाई राहतो दोन स्टेशनं पलीकडे. तेव्हा भूकंपाने शाळेच्या वेळेतच यावं, हे उत्तम.

किल्लारीला तो ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी आला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, विसर्जन उरकून गावं उशिरा निजलेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचं माळवद, सगळंच अंगावर आलं. त्या वेळच्या भूकंप-नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता!

निवाऱ्याची जागा शोधताना आपण मोकळी जमीन शोधतो आणि थांबतो. छावणीसाठी जगभर वापरले जाणारे ‘स्फिअर’ निकष सांगतात, रस्ते-संडास धरून माणशी ४५ चौरस मीटर. या हिशेबाने अख्ख्या फुटबॉल मैदानात मावतात जेमतेम दीडशे माणसं. आमच्या एका सोसायटीतच त्याहून जास्त आहेत.

आणि मोकळी जागा म्हणजे सुरक्षित जागा, हेही खरं नाही. १ सप्टेंबर १९२३ ला टोकियोत भर दुपारी, चुली पेटलेल्या असताना भूकंप झाला. होंजो भागातल्या लष्करी कपड्यांच्या जुन्या डेपोच्या रिकाम्या जागेत लोक गाद्या-सामानासकट जमले. शहर पेटलं, आगीची वावटळ त्या जागेवर आली, सामानानेही पेट घेतला. एकाच ठिकाणी सुमारे ३८ हजार माणसं गेली.

पण हा झाला पहिल्या रात्रीचा प्रश्न. पुढच्या महिन्यांचा प्रश्न निराळा, आणि आपल्याकडे दोन्हींची मोट निवाऱ्याच्या जागांच्या एकाच यादीत बांधतात. पहिल्या रात्री हवं ते चालत गाठता येणारं, उघड्या फाटकाचं मैदान. पुढे वर्षभर काढायचं तर शेत, गोठा, दुकान आणि शेजारी जवळ हवेत. जपानमधल्या कोबेत १९९५ च्या भूकंपानंतर ४८ हजारांवर तात्पुरती घरं उभी राहिली. बरीचशी शहराच्या कडेला किंवा भराव घातलेल्या बेटांवर, कारण जमीन तिथे होती. वृद्ध-अपंगांना आधी घर द्यायचं म्हणून सोडत काढली. हेतू चांगलाच, पण शेजार विस्कटला. त्या घरांत २३३ माणसं एकटीच मेली, कोणाला पत्ताही न लागता. २००४ च्या निइगाताच्या भूकंपानंतर मात्र जपान्यांनी यामाकोशीतल्या वाड्या वस्तीनिशी एकत्र हलवल्या.

किल्लारी परिसरातली ५२ गावं उठून नव्या जागी बसली. तात्पुरत्या पत्र्याच्या शेडमधले उन्हाळे काढल्यावर पक्कं घर मिळालं, याचं मोल कमी नाही. पण आखीव चौकोनी कॉलनीत रस्ते इतके रुंद, की समोरच्या ओट्यावरच्या बाईशी बोलायचं तर उठून जावं लागतं. शेडची जागा ठरवताना शेजाराचाही नकाशा काढावा, एवढं तरी तिथून शिकायला हवं होतं.

निघताना रखवालदारांना विचारलं, ‘रात्री हादरा बसला तर तुम्ही कुठे जाल?’

त्यांनी समोरच्या पेट्रोल पंपाकडे बोट केलं. ‘तिथंच की. रात्रभर दिवा असतो.’