पर्यावरण सोपं असतं म्हणे!

दोस्तांनो, या खेपेच्या टपालात नाशिकहून एका ताईचं पत्र आलं आहे. तिची दहावी नुकतीच संपली. बाबांची बदली अमेरिकेत, न्यू जर्सी राज्यात झाली आहे आणि सप्टेंबरात ती तिथल्या शाळेत अकरावीला बसेल. विषय निवडायचा कागद आला, त्यात ‘एपी एन्व्हायर्नमेंटल सायन्स’ असं एक नाव होतं. तिथेच वाढलेला मावसभाऊ फोनवर म्हणाला, "घे घे, सगळ्यांत सोपा एपी तोच. झाडं लावा, पाणी वाचवा, संपलं!" ताईने विषय घेतला. आता ती विचारते आहे की मधल्या तीन महिन्यांत काय वाचू? आणि पत्राच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरात : ‘तिथे पहिल्याच वर्षी नापास झाले तर?’

ताई, तळाच्या ओळीचं उत्तर आधी देतो. या परीक्षेत आपल्यासारखं पास-नापास नसतं. एपी म्हणजे ‘ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट’. शाळेत असतानाच कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचा एखादा विषय शिकायचा आणि मे महिन्यात ‘कॉलेज बोर्ड’ नावाच्या संस्थेची परीक्षा द्यायची. निकाल १ ते ५ अशा अंकात लागतो आणि ५ सर्वांत चांगला. ३ किंवा त्याहून वर मिळाले तर पुष्कळ कॉलेजं त्याचं श्रेय देतात. काही ४ मागतात, काही मुळीच देत नाहीत. शाळेचे वर्षभराचे गुण वेगळे असतात, त्यांचा मे महिन्यातल्या त्या अंकाशी संबंध नाही.

मात्र मावसभावाच्या ‘सोपा’वर माझा विश्वास नाही. पर्यावरणाची ही परीक्षा १९९८ साली सुरू झाली आणि पुढे कितीतरी वर्षं जवळजवळ निम्मी मुलं ३ पर्यंतसुद्धा पोहोचत नव्हती. मला वाटतं, त्यातली बरीचशी ‘झाडं लावा, पाणी वाचवा’ एवढ्याच तयारीने गेली असावीत. विषय ओळखीचा वाटतो हीच त्याची खोडी आहे बघा. भौतिकशास्त्राच्या पुस्तकाला आपण घाबरून तरी असतो!

परीक्षेचं रूप आधी कळलं म्हणजे सुट्टीत काय करायचं ते आपोआप कळेल. ८० पर्यायी प्रश्न ९० मिनिटांत, आणि तीन मोठे लेखी प्रश्न ७० मिनिटांत. २०२५ पासून हे सगळं संगणकावर होतं. कॅल्क्युलेटर चालतो. पहिल्या लेखी प्रश्नात एखादा प्रयोग आखायचा किंवा तपासायचा असतो, दुसऱ्यात एक पर्यावरणाचा प्रश्न उलगडून त्यावर उपाय सुचवायचा, आणि तिसऱ्यात तेच, पण आकडेमोडीसकट. अभ्यासक्रमाचे नऊ भाग आहेत : परिसंस्था, जैवविविधता, लोकसंख्या, माती-हवा-पाणी, जमिनीचा वापर, ऊर्जा, हवेचं प्रदूषण, पाण्याचं आणि जमिनीचं प्रदूषण, आणि शेवटी हवामानबदलासारखे सगळ्या पृथ्वीचे प्रश्न. आपल्या नववी-दहावीच्या विज्ञानात यातलं बरंच येऊन गेलेलं आहे. म्हणून जाडजूड पुस्तक सुट्टीतच पाठ करून टाकायचा बेत असेल तर तो सोडून दे. कॉलेज बोर्ड अभ्यासक्रमाची पुस्तिका आणि जुने लेखी प्रश्न, गुण कसे दिले त्याच्या तक्त्यासकट, फुकट उपलब्ध करून देतं. बाबांना सांगून तेवढे छापून घे.

आता खरी तयारी. सुरुवात आकड्यांपासून करू, कारण आपल्याकडून जाणाऱ्या मुलांची गाडी इथेच अडते. गणित कठीण असतं म्हणून नव्हे. आपण लाख-कोटीत विचार करतो आणि तिथे मिलियन-बिलियन असतं! दहा लाख म्हणजे एक मिलियन, शंभर कोटी म्हणजे एक बिलियन. हे ऐकायला सोपं आहे, पण घड्याळ पुढे सरकत असताना ‘साडेतीनशे मिलियन माणसं, दर माणशी इतके गॅलन पाणी’ असं समोर आलं की शून्यं नाचायला लागतात. त्यावर उपाय एकच, दहाच्या घातात लिहायची सवय. ३५ कोटी म्हणजे ३.५ गुणिले दहाचा आठवा घात. रोज वर्तमानपत्रातला कुठलाही एक मोठा आकडा असा लिहून काढ. पंधरा दिवसांत हात बसेल.

दुसरी गोष्ट, एककं. आपल्या विजेच्या बिलावरचं ‘एक युनिट’ म्हणजेच परीक्षेतला एक किलोवॉट-तास. जुना ६० वॉटचा पिवळा दिवा रोज ५ तास, ३० दिवस जळला तर ६० × ५ × ३० = ९,००० वॉट-तास, म्हणजे ९ युनिटं. त्याच्या जागी ९ वॉटचा एलईडी लावला तर १.३५ युनिटं. महिन्याला एका दिव्यामागे ७.६५ युनिटं वाचली. अशीच उदाहरणं परीक्षेत येतात. शिवाय मांडणीला वेगळा गुण असतो आणि उत्तराला वेगळा. म्हणून मनातल्या मनात उत्तर काढून नुसता आकडा लिहिणाऱ्या हुशार मुलांचं तिथे नुकसान होतं. पायऱ्या लिहायच्या, प्रत्येक आकड्यापुढे एकक लिहायचं. आपल्या गणिताच्या बाई हेच सांगतात ना? मग त्यांचं ऐकायची ही वेळ आहे.

तिसरी गंमत ‘सत्तरच्या नियमाची’. कुठलीही गोष्ट दरवर्षी ठराविक टक्क्यांनी वाढत असेल तर ७० ला त्या टक्क्यांनी भागा, दुप्पट व्हायला किती वर्षं लागतील ते मिळतं. पडताळून पाहायचं? १९६१ च्या जनगणनेत भारताची लोकसंख्या सुमारे ४३.९ कोटी होती. त्या काळात वाढीचा वेग वर्षाला साधारण २.२ टक्के होता. ७० भागिले २.२, म्हणजे जवळजवळ ३२ वर्षं. आणि १९९१ ला, म्हणजे तीस वर्षांनी, आपण होतो ८४.६ कोटी. दुप्पट व्हायला थोडेसेच कमी! नियम पाठ करण्यापेक्षा असा एकदा तपासून पाहिला की तो विसरत नाही.

आता लिहिण्याबद्दल. आपल्याकडे मोठ्या उत्तराला जास्त गुण मिळतात असा एक समज आहे (खरा की खोटा ते बाजूला ठेवू). तिथे मात्र ‘यामुळे पर्यावरणाची हानी होते’ या वाक्याला शून्य गुण. हानी कशी होते, कोणाची होते, कुठल्या पायरीने होते ते हवं. शेतातल्या जास्तीच्या खताने मासे का मरतात? नुसतं ‘पाणी दूषित होतं म्हणून’ लिहून भागत नाही. पावसाबरोबर नत्र आणि स्फुरद वाहून पाण्यात येतं, त्यावर शेवाळ माजतं, ते मेल्यावर त्याला कुजवणारे जिवाणू पाण्यातला विरघळलेला प्राणवायू संपवतात, आणि मासे गुदमरतात. यातली एक कडी गळली की तिचा गुण गेला. मिसिसिपी नदी जिथे समुद्राला मिळते तिथे दर उन्हाळ्यात असाच मोठा प्राणवायूविना पट्टा तयार होतो, आणि त्यावरचे प्रश्न शिक्षकांचे लाडके असतात. पण त्यासाठी मिसिसिपीला जायला नको. पुण्याच्या मुळा-मुठेवर, पवनेवर जलपर्णीची जी हिरवी चादर पसरते, तिलाही सांडपाण्यातून आलेलं असंच खाद्य मिळतं. शेवाळाच्या जागी जलपर्णी घालून सगळी साखळी एकदा लिहून बघ. कुठे अडतेस ते लगेच समजेल.

आपल्याकडची आणखी एक गोष्ट तुला तिथे उपयोगी पडेल, ती गिधाडांची. १९९० नंतर भारतातली गिधाडं भराभर नाहीशी झाली. पांढऱ्या पाठीच्या जातीची तर शंभरातली नव्याण्णवहून अधिक गेली. कारण सापडलं २००४ मध्ये. गुराढोरांना दुखण्यावर दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे औषध मेलेल्या जनावरातून गिधाडाच्या पोटात जायचं आणि त्याचे मूत्रपिंड निकामी व्हायचे. २००६ मध्ये भारताने जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आणली. अन्नसाखळी, विषारीपणा, कायदा, सगळं एका गोष्टीत आलं की नाही?

कायद्यांची यादी पाठ करायची अनेकांना धास्ती असते. यादी पाठ करू नकोस. प्रत्येक कायद्यामागे काहीतरी घडलेलं असतं, ते शोध. १९४८ च्या ऑक्टोबरात पेनसिल्व्हेनियातल्या डोनोरा गावावर थंड हवेचा थर अडकून बसला, वरची हवा उबदार, त्यामुळे कारखान्यांचा धूर वर जाईचना. काही दिवसांत २० माणसं दगावली. जून १९६९ मध्ये ओहायोतल्या क्लीव्हलँड शहरात कायाहोगा नदीला आग लागली. हो, नदीला! पाण्यावर तेलाचा आणि कचऱ्याचा थर होता. ती नदी त्याआधीही अनेकदा पेटली होती, पण या वेळी देशभर बोभाटा झाला. १९७० मध्ये पर्यावरणासाठी वेगळी सरकारी संस्था निघाली आणि हवेचा कडक कायदा झाला; १९७२ मध्ये पाण्याचा; १९७३ मध्ये धोक्यातल्या प्राण्यांचा. अशी गोष्टीला गाठ मारली की साल आपोआप लक्षात राहतं.

प्रयोगांपैकी एक मातीचा. उभट बरणीत एक तृतीयांश माती, वर पाणी, चिमूटभर कपडे धुण्याची पावडर. खूप हलवून ठेवून द्यायची. वाळू मिनिटाभरात तळाशी बसते, पोयटा दोनेक तासांत, चिकणमातीला मात्र एक दिवस, कधी त्याहूनही जास्त लागतो. मग पट्टीने थर मोजायचे. दहा सेंटिमीटरमध्ये वाळू ४, पोयटा ४, चिकणमाती २ आली, तर ती झाली ४०-४०-२० टक्क्यांची दुमट माती. नाशिकच्या काळ्या जमिनीत चिकणमाती भरपूर निघेल. ओली झाली की फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते ती त्यामुळेच. न्यू जर्सीच्या दक्षिणेला ‘पाइन बॅरन्स’ म्हणून पाइन वृक्षांचं मोठं जंगल आहे, तिथली माती वाळूची आणि आम्लधर्मी. पाणी तिच्यातून सरळ खाली झिरपतं. खाली भूजलाचा प्रचंड साठा आहे, आणि वरून काही सांडलं तर तेही त्याच वाटेने जाणार. हीच बरणी तिथे नेऊन दोन्ही मातींचे आकडे शेजारी शेजारी लिही. (माती मात्र विमानातून नेऊ नकोस हं, विमानतळावर काढून घेतील!)

आईबाबांसाठी दोन ओळी. मुलीला तिथल्या शिक्षकांना आत्ताच एक पत्र लिहायला सांगा. पुष्कळ शाळा सुट्टीसाठी थोडं काम देतात आणि नव्याने आलेल्या मुलांपर्यंत ते पोहोचतच नाही. आणि शेजारचे काय म्हणतात म्हणून एका वर्षात चार एपी घ्यायला लावू नका. नवी शाळा, नवी भाषा, नवी बस, एवढंही पहिल्या वर्षी पुष्कळ असतं.

आता राहिला तो मुगाचा प्रयोग. हा ताईसाठी आहेच, पण सांगली, बेळगाव, पणजी, कुठेही बसून तुम्हा सगळ्यांनाही करता येईल. न्यू जर्सीत हिवाळ्यात रस्त्यांवरचा बर्फ वितळावा म्हणून मीठ पसरतात. ते पावसाबरोबर कडेच्या मातीत जातं. मग तिथे बी रुजेल का? २०० मिलिलिटर पाण्यात ४ ग्रॅम मीठ विरघळवा, हे झालं २ टक्क्यांचं पाणी. त्यातलं १०० मिलिलिटर घेऊन त्यात तेवढंच साधं पाणी घाला, १ टक्का झालं. पुन्हा तसंच, ०.५. पुन्हा, ०.२५. आणि पाचवं भांडं नुसत्या साध्या पाण्याचं. ते विसरलात तर तुलना कशाशी करणार? प्रत्येक बशीत ओला कापूस आणि मोजून २० मूग. मूग एकाच पुडीतले, पाणी सगळीकडे सारखं, बश्या एकाच खोलीत, एकाच सावलीत. फरक फक्त मिठाचा. तीन दिवस रोज ठरलेल्या वेळी रुजलेले मूग मोजा. सुरू करण्याआधी वहीत एक ओळ लिहा : ‘मला वाटतं, अमुक टक्के मिठाला निम्मे मूग रुजणार नाहीत, कारण...’ ती ओळ नंतर खोडायची नाही, अंदाज चुकला तरी.

उत्तर मी सांगत नाही. तुमचे तक्ते पाठवा, निवडक तक्ते इथे छापू. गावाचं नाव, पाणी नळाचं की विहिरीचं ते, आणि मीठ कशाने मोजलंत तेही लिहा. कुणी चमच्याने मोजलं असेल तर किती सपाट भरला होता तेसुद्धा!