विश्लेषण : मांगूर बदनाम झाला तो खाद्यामुळेही, अळ्यांचे खाद्य चित्र बदलेल?

केडगाव बायपासलगतच्या नेप्ती उपबाजारात कांद्याची आवक वाढली, की सडका आणि कोंब आलेला माल बाजूला पडतो. पुणे रस्त्यावरच्या हॉटेलांचे उरलेले अन्न वेगळेच. असा ओला कचरा अळ्यांना घालायचा आणि त्या अळ्या शेततळ्यातल्या माशांना, या कल्पनेवर जगभर काम सुरू आहे. नगर जिल्ह्याला ती कितपत लागू पडते?

मांगूरवर बंदी का?

थाई मांगूर नावाने विकला जाणारा मासा मूळचा आफ्रिकेतला. हवेतूनही श्वास घेत असल्याने तो घाण पाण्यात तगतो आणि नदीत शिरला तर स्थानिक मासे फस्त करतो. त्याच्या पालनावर देशात 2000 पासून बंदी आहे. 2019 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने आदेश दिल्यानंतर उजनी परिसरात तळी उकरून मासे नष्ट करण्यात आले. कर्जत तालुक्याची दक्षिण कड याच भीमेच्या पाण्याला लागून आहे.

बंदी असूनही हे पालन का चालते, याचे उत्तर खाद्यात आहे. मत्स्यपालनाच्या खर्चात निम्म्याहून अधिक वाटा खाद्याचा असतो. कोंबड्यांची आतडी, सडके मांस जवळपास फुकट मिळते. पाणी नासते, दुर्गंधी सुटते, पण मासा वाढतो.

अळ्याच का?

‘ब्लॅक सोल्जर फ्लाय’ ही माशी घरमाशीसारखी अन्नावर घोंघावत नाही. प्रौढ झाल्यावर ती फारसे खातच नाही, काही दिवसांत अंडी घालून मरते. खादाड असते ती अळी. साधारण दोन आठवड्यांत ती काढणीला येते आणि वाळवल्यावर तिच्यात 40 टक्क्यांच्या आसपास प्रथिने मिळतात. आज हे काम फिशमील, म्हणजे समुद्रातल्या लहान माशांची भुकटी करते. एक किलो भुकटीला चार-पाच किलो मासे लागतात. आफ्रिकी मांगूरवरील अनेक प्रयोगांत निम्म्यापर्यंत फिशमीलऐवजी अळ्यांची भुकटी वापरूनही वाढ घटली नाही. प्रमाण फार वाढवले, तर अळीच्या सालीतले कायटिन पचायला जड जाते.

गणित जमते का?

ढोबळ हिशेब मांडू. एक टन मासे तयार करायला साधारण दीड टन खाद्य लागते. त्यात 10 टक्के अळ्यांची भुकटी धरली, तर 150 किलो. शंभर किलो ओल्या कचऱ्यातून पाचेक किलो सुक्या अळ्या मिळतात असे मानले, तर तीन टन कचरा हवा. बाजारपेठेजवळ तो मिळणे अवघड नाही. मात्र नुसत्या कांद्यावर अळी पोसत नाही. कोंडा, पेंड, उरलेले अन्न मिसळावे लागते. अळीला 27 ते 30 अंश तापमान मानवते. नगरचा मे महिना चाळिशी ओलांडतो आणि डिसेंबरच्या रात्री गारठतात. म्हणजे शेड, पंखे, वाळवणी आणि वीजबिल आले. लहान शेतकऱ्याने वाळवणीच्या भानगडीत न पडता ताज्या अळ्याच थेट तळ्यात टाकणे जास्त परवडेल, असे दिसते.

मोठ्या भांडवलालाही हा धंदा सोपा गेलेला नाही. कीटकपालनातील बडी फ्रेंच कंपनी ‘इन्सेक्ट’ला 2024 मध्ये आर्थिक संकटामुळे न्यायालयीन संरक्षण घ्यावे लागले. आपल्याकडे खरी स्पर्धा सोया पेंडेशी आहे, आणि ती स्वस्त आहे.

मग चिकनचा कचराही अळ्यांनाच घालावा?

इथे जपून. युरोपीय संघाने 2017 पासून माशांच्या खाद्यात कीटकांना परवानगी दिली, पण त्या कीटकांना कत्तलखान्यातला कचरा किंवा हॉटेलातले उष्टे घालायला मनाई आहे. कचऱ्यातले कॅडमियमसारखे जड धातू अळीत साठतात आणि तिथून माशात जाऊ शकतात. आपल्याकडे ओला-सुका कचराच अजून धड वेगळा होत नाही. बाजार समितीत वेगळा निघणारा भाजीपाला म्हणूनच जास्त भरवशाचा.

कोणता मासा पाळावा?

खाद्य बदलले म्हणून थाई मांगूर कायदेशीर ठरत नाही. पर्याय पंगासचा किंवा देशी मागूरचा. देशी मागूर जागतिक यादीत संकटग्रस्त म्हणून नोंदला गेला आहे आणि ओढ्या-डबक्यांत तो एरवीही किडे-अळ्याच खातो. बीज घेताना मात्र ते खात्रीच्या केंद्रातूनच घ्यावे, कारण बोटभर पिल्लांत देशी आणि थाई ओळखणे नवख्याला जमत नाही.