मोटारसायकलला ऑइल कूलर बसवावा का?



आपल्या बहुतेक घरांत मोटारसायकल ही आता हौसेची वस्तू राहिलेली नाही. त्याच गाडीवर अब्बा बाजारात माल पोहोचवतात, भाईजान पार्सल वाटायला जातात आणि संध्याकाळी अम्मीला दवाखान्यात न्यायलाही तीच लागते. गाडी दोन दिवस गॅरेजला लागली तर दोन दिवसांची कमाई बुडते. इंजिन बसले तर सगळ्या महिन्याचा हिशेब कोलमडतो. म्हणून "इंजिन फार तापतंय, ऑइल कूलर बसवून घ्या" असे कोणी म्हटले की घरात चर्चा सुरू होते. मुलगा हट्ट धरतो, अब्बा खिशाकडे पाहतात आणि खरी गोष्ट काय हे कोणीच नीट सांगत नाही. या महिन्यात हाच प्रश्न घेऊ.

उत्तर आधी सांगतो. ज्या गाडीला कंपनीने ऑइल कूलर दिला आहे, तिला तो लागतोच. ज्या गाडीला दिलेला नाही, तिला रोजच्या वापरात तो लागत नाही. अशी गाडी प्रमाणाबाहेर तापत असेल तर कारण वेगळे असते आणि ते शोधणे कूलरपेक्षा स्वस्त पडते. आता असे का, ते पाहू.

पेट्रोल जळते तेव्हा त्यातली साधारण पाव हिस्सा ताकदच चाकापर्यंत पोहोचते. उरलेली बरीचशी उष्णता होते. काही सायलेन्सरमधून निघून जाते, काही सिलेंडरच्या धातूत शिरते. धातूतली ही उष्णता बाहेर काढली नाही तर पिस्टन फुगून सिलेंडरला घासतो. म्हणून सिलेंडरच्या बाहेर पातळ पाती असतात, ज्यांना मेकॅनिक फिन्स म्हणतात. कपातला चहा लवकर निवत नाही, बशीत ओतला की लगेच निवतो. फिन्सचे काम बशीसारखेच आहे. धातूचा पृष्ठभाग वाढवायचा, म्हणजे वाऱ्याला उष्णता उचलायला जागा मिळते.

दुसरे काम ऑइल करते. ऑइल म्हणजे फक्त वंगण, असा आपला समज असतो. पण पिस्टनच्या खालची बाजू आणि हेडमधले भाग यांच्यापर्यंत वारा पोहोचत नाही. तिथली उष्णता ऑइल उचलते, इंजिनाच्या तळाशी आणते आणि तिथल्या धातूतून ती बाहेर पडते. लहान इंजिनात हा तळच ऑइल थंड करायला पुरतो. मोठ्या इंजिनात तो पुरत नाही. तेव्हा कंपनी इंजिनासमोर लहान जाळी बसवते, पंप गरम ऑइल त्या जाळीतून फिरवतो आणि समोरचा वारा ते थंड करतो. हाच ऑइल कूलर.

मग लहान कोणते आणि मोठे कोणते? उकडलेले बटाटे परातीत काढून ठेवले तर लहान बटाटे आधी निवतात, मोठे मात्र आतून कढत राहतात. आकार वाढतो तसा आतला ऐवज जास्त वाढतो, पृष्ठभाग त्या मानाने कमी वाढतो. इंजिनाचेही तसेच आहे. हिरो स्प्लेंडरचे इंजिन ९७.२ सीसीचे, ताकद ८ अश्वशक्तीच्या आसपास. तिला फिन्स आणि ऑइल पुरतात. आपल्या चाकणला तयार झालेल्या पल्सरचे उदाहरण आणखी बोलके आहे. कंपनी एक, घराणे एक, पण साध्या पल्सर १५० ला ऑइल कूलर नाही आणि पल्सर २२० ला आहे. रॉयल एनफिल्डची ४११ सीसीची हिमालयन २०१६ साली आली, तिला कूलर होता. ६४८ सीसीच्या, ४७ अश्वशक्तीच्या इंटरसेप्टरलाही आहे. म्हणजे कूलर हा शोभेचा दागिना नव्हे. इंजिन किती ताकद देते आणि किती उष्णता टाकते, याचा हिशेब करून तो बसवलेला असतो.

इथे दोन गैरसमज होतात. पहिला असा की माहितीपत्रकात 'एअर-ऑइल कूल्ड' लिहिले की समोर जाळी असणारच. नव्या क्लासिक ३५० चे इंजिन असे म्हटले जाते, पण त्यात ऑइल हेडमधल्या वाटांतून फिरते, बाहेर वेगळा कूलर नसतो. दुसरा गैरसमज असा की समोर जाळी दिसली की तो ऑइल कूलर. पल्सर एनएस २०० मध्ये रेडिएटर आहे आणि त्यात ऑइल नसून कूलंट फिरते. गॅरेजला जाण्याआधी आपल्या गाडीत यांपैकी काय आहे, हे माहीत असलेले बरे.

काही जण म्हणतील, "सर, आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४ वर जातो, त्याचे काय?" प्रश्न रास्त आहे. आकडे मांडून पाहू. समजा फिन्सचे तापमान १५० अंश आहे. हवा ३० अंशांची असेल तर फरक १२० अंशांचा. हवा ४४ अंशांची झाली तर फरक १०६ अंशांचा. म्हणजे थंड होण्याची ताकद सुमारे १२ टक्क्यांनी घटली. ही घट खरी आहे, पण भारतात विकायची गाडी भारताचा उन्हाळा धरूनच बनवलेली असते. उन्हाळ्यात फिन्समधला चिखल आणि ऑइलची पातळी यांकडे जास्त लक्ष द्यायचे, एवढाच याचा अर्थ.

तरीही कोणी म्हणेल, बसवला तर बिघडले काय? बिघडते.

पहिली गोष्ट, ऑइल प्रमाणापेक्षा थंड राहणेही वाईट. चांगले चालणाऱ्या इंजिनात ऑइल साधारण ९० ते ११० अंशांपर्यंत तापावे लागते. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते आणि तिचा थोडा भाग ऑइलमध्ये उतरतो. ऑइल पुरेसे तापले तर ते पाणी उडून जाते. नाही तापले तर झाकणाखाली पांढरट, सायीसारखा थर दिसू लागतो. लहान इंजिनाला कूलर लावून थंडीच्या दिवसांत घर ते शाळा, शाळा ते घर एवढीच गाडी चालवली तर हेच होणार.

दुसरी गोष्ट, बाहेरून लावलेल्या कूलरला पाइप आणि जोड आले. लहान इंजिनाचा पंप तेवढ्या लांबच्या फेरीसाठी बनवलेला नसतो. एखादा जोड सैल झाला तर ऑइल गळते आणि ते मागच्या टायरवर आले तर गाडी घसरते. शिवाय गाडी वॉरंटीत असेल तर असे काम केल्यावर कंपनी हात वर करू शकते.

तिसरी गोष्ट सगळ्यात मजेची. गाडी सर्वांत जास्त तापते ती गर्दीत, सिग्नलवर उभी असताना. पण तेव्हा समोरून वाराच नसतो, त्यामुळे पंख्याशिवायचा कूलरही तिथे फारसे काही करू शकत नाही. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! सिग्नल मोठा असेल तर इंजिन बंद करणे हा फुकटचा आणि जास्त उपयोगी उपाय आहे.

मग गाडी खरोखरच तापत असेल तर काय पाहायचे? क्रमाने पाहा.

ऑइलची पातळी. १०० सीसीच्या गाडीत ऑइल साधारण एक लिटरच्या आसपासच असते. त्यातले पाव लिटर कमी झाले तर उरलेल्यावर केवढा ताण येत असेल! गाडी सपाट जागी मधल्या स्टँडवर उभी करा. इंजिन थोडा वेळ चालवून बंद करा, तीन-चार मिनिटे थांबा आणि मग पातळी पाहा. डिपस्टिक फिरवून बसवायची की नुसती टेकवायची, हे गाडीसोबतच्या पुस्तिकेत दिलेले असते.

ऑइलचे वय आणि जात. पुस्तिकेत लिहिलेल्या किलोमीटरवर ऑइल बदलाच. दिवसभर ओझे वाहणाऱ्या, गर्दीत फिरणाऱ्या गाडीचे त्याआधी बदला. डब्यावर पुस्तिकेतलाच ग्रेड हवा. कारचे उरलेले ऑइल मोटारसायकलमध्ये घालू नका. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो आणि कारच्या ऑइलने तो घसरू शकतो. डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए२' लिहिलेले असते, ते यासाठीच.

फिन्स. पावसाळ्यानंतर त्यांत वाळलेला चिखल अडकून राहतो. इंजिन थंड असताना तो ब्रशने काढा. लेगगार्डला बांधलेली पिशवी किंवा इंजिनासमोर लावलेला पत्रा वारा अडवत असेल तर तो हलवा.

घसरणारा क्लच आणि घासणारा ब्रेक. रेस वाढते पण गाडी पळत नाही, तर क्लच प्लेट पाहा. मधल्या स्टँडवर मागचे चाक हाताने फिरवा. ते जड फिरत असेल तर ब्रेक घासतो आहे किंवा चेन फार ताणलेली आहे. दोन्हींमुळे इंजिनाला विनाकारण जोर लावावा लागतो.

इतके पाहूनही गाडी तापत असेल, पिकअप कमी झाला असेल किंवा चढावर टकटक आवाज येत असेल, तर जाणत्या मेकॅनिककडून हवा-पेट्रोलचे मिश्रण आणि वॉल्व्हचे अंतर तपासून घ्या. काहीही न तपासता थेट कूलर सुचवणाऱ्यापासून मात्र जरा सांभाळून. नीम हकीम माणसाच्या जिवाला धोका असतो, तसा गाडीच्या इंजिनालाही.

ज्यांच्या गाडीला कूलर कंपनीकडूनच आला आहे, त्यांनी त्याची काळजी घ्यावी. जाळीतले किडे आणि माती पाण्याच्या हलक्या धारेने काढा. प्रेशर पंप जवळून मारला तर पाती वाकतात. जोडांवर ओल दिसली तर त्याच आठवड्यात दाखवा. अपघातानंतर कूलर काढून टाकून वाट बंद करून देतो, असे कोणी सुचवले तर मान्य करू नका. त्या इंजिनाचा हिशेब कूलर धरूनच केलेला आहे.

घरातल्या मुलाला हे समजावताना नुसते "नाही" म्हणू नका. त्याला डिपस्टिक काढायला लावा, पातळी दाखवा, ऑइल बदलल्याची तारीख आणि किलोमीटर वहीत लिहायला सांगा. कूलरला जे काही हजार रुपये लागणार होते, त्यांत पुढची कित्येक वर्षे वेळेवर ऑइल बदलून होईल. गरज नसलेल्या वस्तूवर खर्च करायला आपल्या घरांत इसराफ म्हणतात. वेळेवर बदललेले ऑइल त्यात मोडत नाही. त्यावर गाडीचे आयुष्य आणि तिच्यावर चालणारी घरची कमाई टिकून आहे.