बुडबुड्यांचे निदान
भाऊबीजेला चिपळूणहून कऱ्हाडला, म्हणजे कुंभार्ली घाट चढून जायचे, आणि दोन दिवस आधी गाडीच्या कूलंटच्या टाकीत चहाच्या आधणासारखे बुडबुडे! मिस्त्रीने पाहताक्षणी फर्मावले, "हेड गॅस्केट गेले. इंजिन उघडावे लागेल." सौभाग्यवतीने बांगड्यांचा विषय तिथल्या तिथे सोडला.

पण चारच दिवसांपूर्वी रेडिएटरचा पाइप बदलून कूलंट नव्याने भरले होते. गॅस्केट गेले की बहुधा थंड इंजिन सुरू करताच बुडबुडे येतात, पाइप लगेच टणक होतो. माझे बुडबुडे इंजिन तापल्यावरचे, तेही तुटक. तेल दुधाळ नाही, धूर पांढरा नाही. उलट हीटरचा वारा गार! म्हणजे आत हवा कोंडलेली.

रात्रभर इंजिन निवू दिले. (तापलेले झाकण उघडू नका, वाचकहो, उकळते पाणी तोंडावर येते.) सकाळी गाडीचे नाक चढावर करून झाकण काढले, हीटर पूर्ण गरमवर ठेवला, हवा काढायचा स्क्रू सैल केला. फुस्स, फुस्स, मग अखंड धार. स्क्रू आवळून इंजिन सुरू केले. थर्मोस्टॅट उघडताच पातळी झर्रकन उतरली. अर्धा लिटर कूलंट आणखी मावले!

कुंभार्लीच्या माथ्यावरही काटा मध्यावरच होता. तिथेच बांगड्यांचा विषय पुन्हा निघाला.