आपल्या हवेचे झाड

मृगाच्या सुमारास रोपवाटिकांतून रोपांच्या गाड्या गावोगाव येऊ लागतात आणि शेतकरी बांधव मोठ्या हौसेने परसात व बांधावर झाडे लावतात. ही हौस स्तुत्य आहे. परंतु माण, सांगोला, आटपाडी यांसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यांतही पुष्कळदा नारळ आणि हापूस यांचीच रोपे प्रथम मागितली जातात, ही गोष्ट आमच्या मते विचार करण्याजोगी आहे.

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. सोलापूर जिल्ह्यात तो ५५० मिलिमीटरांच्या आसपास असतो. पण भेद केवळ पावसाचा नव्हे. नारळाला दमट हवा आणि बारमाही ओलावा लागतो. घाटावर पाणी देऊन तो वाढविता येतो, तथापि चैत्र-वैशाखाच्या कोरड्या झळांत त्याची कोवळी फळे गळतात. हापूसही घाटावर मोहोरतो, पण कोकणातल्यासारखे भरवशाचे फळ धरीत नाही. ज्यास आंबाच हवा, त्याने मराठवाड्यात चांगला रुळलेला केशर लावावा.

आणि ते पाणी कोण घालणार? विहीर आटून गावात टँकर येऊ लागला म्हणजे परसातील नारळासाठीचा हंडा घरातील स्त्रीच्याच डोक्यावर येतो. झाड निवडताना तिला कोणी विचारलेले नसते.

याउलट बोरीचे पाहा. ऐन उन्हाळ्यात ती पाने गाळून स्वस्थ राहते, पावसावर पालवते व फुलते आणि थंडीत फळ देते. म्हणजे पाण्याची टंचाई ज्या महिन्यांत असते, त्या महिन्यांत तिची मागणीच नसते. सीताफळाचा क्रमही बहुतांशी असाच. शिवाय त्याचा पाला शेळ्या खात नाहीत. कुंपण नसलेल्या माळावर हा गुण काही लहान नव्हे! चिंच, आवळा, शेवगा ही मंडळीही याच पंक्तीतली. कढीपत्ता व पपई यांना पाणी थोडे अधिक लागते, परंतु परसात ती मोरीच्या सांडपाण्यावर निभावतात.

कोणी म्हणेल की, ठिबक आणि शेततळे आल्यावर हवेचा एवढा विचार कशासाठी? ठिबकाने पाणी वाचते, हे निर्विवाद आहे. पण विहिरीत जे नाही ते ठिबक कोठून आणणार? सन २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या कित्येक बागा वाळल्या आणि शेतकऱ्यांना त्या तोडून टाकाव्या लागल्या. हंगामी पीक गेले तर एक हंगाम जातो. बाग गेली म्हणजे तिच्यावर घालविलेली सारी वर्षे जातात.

जमिनीकडेही दुर्लक्ष करून चालणार नाही. चुनखडीच्या जमिनीत मोसंबी, संत्र्याची पाने पिवळी पडून झाड खुरटते. फार चुनखड असेल तेथे लिंबूवर्गीय फळझाडांचा आग्रह सोडावा, हे बरे.

कोकणातील बंधूंनाही हाच न्याय लागू आहे. डाळिंबाला कोरडी हवा मानवते. मुसळधार पावसात त्यावर रोगांचा उपद्रव फार. घरच्या कोकम, फणसाला मागे सारून ते लावण्यात काय लाभ? कोकणातला कातळ जानेवारीनंतर घाटावरच्या माळाइतकाच तापतो. त्या उतारावर काजूच तग धरतो.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांना आमची सूचना अशी की, मागणीचा तक्ता भरण्यापूर्वी गावातून एक फेरी मारावी. कोणाही माणसाने पाणी न घालता वीस-पंचवीस वर्षे उभी असलेली फळझाडे कोणती, ती कोणत्या जमिनीत आहेत आणि २०१२-१३ साली त्यांतील कोणती वाचली, हे वडीलधाऱ्यांना विचारावे. वाटलेल्या रोपांची संख्या अहवालात शोभून दिसते. पण तिसऱ्या उन्हाळ्यानंतर जिवंत राहिलेल्या झाडांची मोजणी व्हावी आणि तीच त्या गावच्या कामाची नोंद ठरावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

बोरीच्या बाबतीत तर रोप आणण्याचीही गरज नाही. पावसाच्या आरंभी ठरलेल्या जागेवरच गावठी बोरीचे बी टोकावे आणि रोप पेन्सिलीएवढे जाड झाले म्हणजे त्यावर उमराणचा डोळा भरावा. रोप उपटून हलविण्याचा प्रसंग येत नसल्याने सोटमूळ तुटत नाही आणि ते सरळ खोल ओलीपर्यंत जाते.